काही न घेणारा पाहुणा

१

मी दात घडवतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर रोग्याच्या तोंडात पेनाएवढा कॅमेरा फिरवतात, त्यातून आख्ख्या जबड्याची नक्कल तयार होते, ती फाइल माझ्याकडे येते आणि मी संगणकावर त्या जबड्यात बसेल असा एक दात करतो. शेजारच्या दातांना तो परका वाटू नये, एवढंच त्यातलं कौशल्य. मी फाइल परत पाठवली की प्रयोगशाळेतलं यंत्र तो दात कोरून काढतं. तेव्हा हे काम मी घरूनच करायचो.

या कामात पहिल्यांदा बघायचं ते कॅमेरा कुठे पोचला नाही हे. गाल आडवा येतो, लाळ साचते आणि तेवढी जागा नकलेतून सुटते. सॉफ्टवेअर मात्र भोक ठेवत नाही. आजूबाजूचा अंदाज घेऊन तिथे आपल्या मनाचं काहीतरी भरून टाकतं. गुळगुळीत, बिनरेघेचं, ओल्या साबणासारखं. नवख्याला ते कळतही नाही. मला लांबूनही कळतं.

बायको मला दातवाल्या म्हणते. ती पोहायला शिकवते. उजाडता उजाडता तलावावर जाते, दुपारी जेवायला येते आणि पुन्हा जाते ती दिवेलागणीला परत येते. तिच्या केसांना कायम तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास येतो. मी तिला मासोळी म्हणतो. आमच्या घरात तिसरं कोणी नाही. तेव्हाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि गल्लीकडे उघडणारी एक मोठी खिडकी.

तर झालं असं, की दुपारच्या वेळी माझ्या फाइली अडकायला लागल्या. दात तयार, पण जाता जाईना. प्रयोगशाळेतून फोन यायचे, खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसांची आठवण करून दिली जायची. शेवटी मी मेव्हण्याला फोन लावला. मासोळीचा हा थोरला भाऊ ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. आम्ही दोघंही त्याला दादा म्हणतो.

“वाय-फायचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला होतास?” त्याने विचारलं.

“तो बदलायचा असतो?”

“जावईबापू, घराला कुलूप लावता ना? का लावून किल्ली कडीलाच अडकवून ठेवता?”

आमचा पासवर्ड अजून राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर छापलेला होता तोच होता. दादाने मला राउटरच्या आतलं पान उघडायला लावलं. जोडलेली उपकरणं तिथे दिसतात. माझा संगणक, माझा फोन, मासोळीचा फोन, टीव्ही. आणि खाली पाचवं एक. त्याला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती आडवी रेघ.

“सापडला फुकट्या,” दादा म्हणाला.

मला लगेच खालच्या मजल्यावरचे काका आठवले. आमचं वर्तमानपत्र ते आमच्या आधी वाचायचे आणि शब्दकोडं सोडवून परत ठेवायचे. मासोळी म्हणाली, “कोड्यापर्यंत ठीक होतं.” मग आम्ही लांबलचक, आकडे-अक्षरं कालवलेला पासवर्ड घातला. बटण दाबून जोडायची सोय बंद केली. आडवी रेघ गेली. फाइली पुन्हा भराभर जायला लागल्या आणि मी हा विषय विसरलो.

२

पुढच्या आठवड्यात ती रेघ परत आली.

काका बिचारे निर्दोष होते. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, हे मासोळीने जिन्यात सहज विचारून काढलं. मी पुन्हा दादाला गाठलं. या वेळी तो थट्टा न करता एकेक विचारत गेला. ते उपकरण किती घेतंय? किती देतंय? मी आकडे वाचून दाखवले.

“पुन्हा वाच,” तो म्हणाला.

पुन्हा वाचले.

“हे उलटं आहे,” दादा म्हणाला. “फुकट्या घेतो. गाणी घेईल, सिनेमे घेईल. हा घेत काहीच नाही. नुसता देतोय. तुमच्या घरातून बाहेर काहीतरी पाठवतोय, आणि तेही भरपूर.”

“काय पाठवतोय?”

“ते मला इथून दिसत नाही. घरात एखादा कॅमेरा आहे का? जुना, विसरलेला?”

माझ्या मनात पाल चुकचुकली. कॅमेरा म्हटल्यावर माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. मासोळी आल्यावर आम्ही दोघांनी घर पिंजून काढलं. न्हाणीघरातली हवा बाहेर टाकणारी जाळी, आरशाची मागची बाजू, दिव्यांच्या टोप्या, घड्याळ, पडद्याच्या दांड्याची पोकळ टोकं. ती स्टुलावर उभी राहून बोटांनी चाचपत होती आणि मी खालून बॅटरी धरून होतो. काही मिळालं नाही. मिळालं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतं. घरमालकाला, पोलिसांना, कोणाला तरी दाखवता आलं असतं.

मी संगणकाच्या कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. टीव्हीची वायर थोडा वेळ काढून बघितली. आकडा जराही कमी झाला नाही.

उपकरण किती लांब आहे याचा अंदाज देणारे छोटे पट्टेही त्या पानावर असतात. काका खालच्या मजल्यावरून जोडले गेले असते तर एक-दोन पट्टे दिसले असते. रेघेपुढे सगळे पट्टे भरलेले होते. माझ्या हातातल्या फोनपुढे होते तेवढेच.

३

मी शंकेखोर माणूस आहे. भुताखेतांवर नव्हे, मशीनवर शंका घेणारा. म्हणून एका दुपारी मी फोनवर ते पान उघडं ठेवलं आणि घरात फिरायला लागलो.

खुर्चीत बसून राहिलो की आकडा शांत असायचा. उठलो की हलायचा. स्वयंपाकघरात गेलो तर वाढला. मी सहज ओट्याखालचा वरचा खण ओढला, आणि आकडा उसळला. खण बंद केला, थांबलो, पुन्हा ओढला. या वेळी काहीच नाही. खालचा खण ओढला. उसळला. तोच पुन्हा ओढला. काही नाही.

एकदा पाहिलेलं त्याला परत नको होतं.

मी स्वतःला समजावलं, की योगायोग आहे. दोन-चार खणांवरून काय ठरतं? पण कपड्यांच्या कपाटाकडे गेलेला हात मी मागे घेतला. त्यात वरच्या फळीवर मासोळीच्या वस्तू असतात. पत्रं, पदकं, तिच्या आईचा स्वेटर.

तेवढ्यात ती जेवायला आली. दारात चप्पल काढताना कसल्याशा गोष्टीवर हसत होती, तलावावरच्या एका बाईंनी चष्मा पाण्यात घालवला वगैरे. माझी नजर फोनवर होती. आकडा इतका वर गेला, की पान क्षणभर गोठलं. ती बोलत होती, ओले केस झटकत होती, ताटं मांडत होती, आणि तो आकडा खाली येतच नव्हता. माझ्यासाठी तो एवढा कधीच चढला नव्हता. मला बघून बहुधा होत आलं होतं. ती घरात असायचीच कमी.

“काय बघतोयस?” तिने विचारलं.

“काही नाही. जेव तू.”

त्या संध्याकाळी दादाच्या सांगण्यावरून आम्ही सगळं केलं. नेटवर्कचं नाव लपवलं. आमची चार उपकरणं सोडून कोणाला आत घ्यायचं नाही, असा हुकूम राउटरला दिला. आणि पासवर्ड असा घातला, की अर्धा मी टाइप केला तेव्हा मासोळी पाठमोरी उभी होती, आणि अर्धा तिने केला तेव्हा मी. आमच्यातल्या कोणालाही तो पूर्ण माहीत नव्हता. ती म्हणाली, “लग्नात सुद्धा आपण एवढं एकमेकांवर सोपवलं नव्हतं.”

सकाळी ती निघायच्या आधी मी पान उघडलं. परवानगी असलेली उपकरणं चार. जोडलेली उपकरणं पाच.

“असं होत नाही,” दादा म्हणाला.

“होतंय.”

“मग राउटर बिघडलाय. नवा घे.”

नवा घेतला. आधी रेघच आली. आमचे फोन नंतर जोडले गेले.

४

आमच्या खिडकीसमोर, गल्लीपलीकडे, आमच्यासारखीच एक इमारत होती. गल्ली अरुंद होती. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचं घर बरेच दिवस रिकामं होतं. रंगाचा एक डबा आणि शिडी तेवढी दिसायची.

एका दुपारी तिथे पडदे लागलेले दिसले. मोहरीच्या रंगाचे. आमचे पण तसेच होते.

“आपली आवड चांगली आहे म्हणायची,” मासोळी म्हणाली. मीही म्हटलं, दुकानात एकच गठ्ठा आला असेल.

मग खिडकीजवळ उभा दिवा आला. आमच्याकडेही एक आहे. घर बदलताना त्याची टोपी दारात अडकून एका बाजूला चेपली होती. समोरच्या दिव्याची टोपीही त्याच बाजूला चेपलेली होती. मी बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिलो. मग टेबल आलं. टेबलाला दोन खुर्च्या. एका खुर्चीच्या पाठीवर मासोळीचा पिवळा टॉवेल. पण तो लोंबत नव्हता. खुर्चीलाच रंगवल्यासारखा चपटा होता, त्याला घडी नव्हती, काठ नव्हते.

या वस्तू तिथे येताना मात्र मी कधी पाहिल्या नाहीत. गल्लीत सामानाची गाडी नाही, जिन्यात हमालांचा आवाज नाही. मी काम करायचो, मान वर करायचो, आणि समोर आणखी काहीतरी आमचं झालेलं असायचं.

मी मासोळीला टॉवेलबद्दल सांगितलं नाही. उगाच कशाला, असं वाटलं. भीती एकाकडे असली की ती शंका असते, दोघांकडे गेली की खरी होते.

५

शेवटी मी खाली उतरलो आणि समोरच्या इमारतीच्या रखवालदाराकडे गेलो. फाटकाशी त्याची खुर्ची असते. वयस्कर, सदा हसतमुख माणूस. आजवर आम्ही मान हलवण्यापलीकडे कधी बोललो नव्हतो.

मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “अरेच्चा, तुम्ही खाली कधी उतरलात? मी इथेच तर बसलोय.”

“मी समोर राहतो,” मी म्हटलं.

तो हसला. माझ्या विनोदाला दाद द्यावी तसा. “हो हो. झालं का सामान लावून?”

“कुठलं सामान?”

“बरंच काम काढलंत तुम्ही. दिवसभर वर खुडखुड चालू असते. खण उघडायचे, लावायचे. पण आवाज नाही हो तुमचा. माणूस कसा शांत पाहिजे.” मग त्याने जरा पुढे वाकून आपुलकीने विचारलं, “मॅडम कधी येणार राहायला?”

“येणार असं कोण म्हणालं?” मी विचारलं.

“नाही, तुम्हीच परवा म्हणालात ना, थोडंच राहिलंय, मग येईल ती.”

मी परत फिरलो. गल्ली ओलांडताना समोरच्या खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. नाही बघितलं. पण मान सरळ ठेवून चालणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

६

त्या दिवशी मासोळीला सगळं सांगितलं. खण, दिवा, टॉवेल, रखवालदार. मला वाटलं ती हसेल, किंवा माझ्या कपाळाला हात लावून बघेल. ती शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, “मागच्या आठवड्यात मी येताना तू खिडकीत होतास. मी खालून हात केला, तूही केलास. वर आले तर तू आतल्या खोलीत कामात. मला वाटलं, चालता चालता माझी खिडकी चुकली असेल.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू टॉवेलचं बोललास का?”

दादाला फोन लावला. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता निघून माझ्याकडे या, बाकीचं नंतर बघू. पण दुसऱ्या दिवशी मासोळी ज्यांना शिकवते त्या मुलांची स्पर्धा होती. वर्षभर ज्यांना पाण्यात उतरवलं त्यांना ऐनवेळी काठावर सोडायचं तिच्या जिवावर आलं. स्पर्धा उरकून उद्या संध्याकाळी जाऊ असं ठरलं. दादा येऊन घेऊन जाणार होता.

मी राउटरची वायर भिंतीतून उपटली. दिवे विझले. आम्ही दोघंही त्या काळ्या डबीकडे बघत बसलो. घर एकदम रिकामं वाटलं. सवयीचा एखादा आवाज थांबल्यावर कान जसे त्याला शोधतात, तसं काहीतरी. पडदे ओढून आम्ही आतल्या खोलीत झोपलो.

सकाळी ती तलावावर गेली. मी बॅगा भरायला घेतल्या. दुपारी पडद्याच्या फटीतून ऊन आत आलं म्हणून तो नीट करायला गेलो, आणि समोर बघितलं.

टेबलाशी एक बाई बसली होती. तिरकी. तिचे खांदे मी कुठेही ओळखले असते. पोहणाऱ्या बाईचे रुंद, जरासे पुढे आलेले खांदे. केस ओले होते. टेबलावर ठेवलेल्या हाताला बोटं होती, पण सुटी नव्हती. हातमोजा घातल्यासारखी एकमेकांत मिसळलेली. मग तिने मान माझ्या बाजूला वळवली. जेवताना आपल्या टेबलाशी ती ज्या बाजूने बसते, ती उजवी बाजू पूर्ण होती. भुवईवरच्या व्रणासकट. डावीकडे गाल सुरू व्हायचा तिथे सुरू झाला आणि कानापर्यंत तसाच गेला. गुळगुळीत, बिनरेघेचा, ओल्या साबणासारखा. डोळ्याच्या जागी नुसता अंदाज होता.

मी रोज अशा जागा शोधून परत पाठवतो. कॅमेरा पुन्हा फिरवा, म्हणून.

समोरच्या खिडकीत एक हात आला आणि त्याने तिथला पडदा ओढला. हात माझा होता.

७

मी मासोळीला फोन केला. स्पर्धेच्या वेळी ती फोन तलावावरच्या कपाटात ठेवते. पुन्हा केला, पुन्हा केला. मग विचार केला, तिला आणायला आपणच तलावावर जावं आणि तिथूनच दादाकडे निघावं. बॅगा दाराशी आणल्या. गॅस बंद केला. खिडकीची कडी लावायला गेलो.

दिवेलागण व्हायची होती, गल्लीत अजून उजेड होता. कोपऱ्यावरून मासोळी येताना दिसली. नेहमीपेक्षा लवकर. खांद्यावर निळी पिशवी, चालण्यात स्पर्धा चांगली झाल्याची उडी.

मी कडी सोडून खिडकी उघडायला लागलो. लाकूड फुगलेलं होतं, उघडेना. तेवढ्यात समोरच्या फाटकातून एक माणूस बाहेर आला आणि तिच्याकडे गेला. मला तो फक्त वरून दिसत होता. माझा घरात घालायचा राखाडी सदरा. डोक्याच्या मध्यावर विरळ झालेली, नाण्याएवढी जागा. माझ्या डोक्यावर तिथे केस गेलेत हे मासोळी मला नेहमी सांगायची, मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली. ती काहीतरी म्हणाली. त्याने समोरच्या इमारतीकडे हात केला. ती जरा थबकली, वर बघितलं, त्याच्या खिडकीकडे, माझ्या नाही. मग मान हलवली आणि दोघं फाटकातून आत गेले.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. गल्ली ओलांडली. रखवालदार खुर्चीतून अर्धवट उठला, जिन्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, कोणी काढून घ्यायला विसरल्यासारखं. मी तीन मजले धावत चढलो.

दार उघडं होतं.

आत माझं घर होतं. चेपलेल्या टोपीचा दिवा, टेबल, दोन खुर्च्या. स्वयंपाकघरातला वरचा खण, खालचा खण. आणि मासोळीचं कपाट, जे मी उघडलं नव्हतं. त्याला दारंच नव्हती. दारांच्या जागी नुसत्या रेघा, भिंतीवर पेन्सिलने ओढाव्यात तशा.

खोलीच्या मध्यावर मासोळी उभी होती. पलीकडे आतल्या दाराशी तो, माझ्याकडे पाठ करून, तिची पिशवी खुंटीला अडकवत होता. आमच्याकडे खुंटी जिथे आहे तिथेच.

“मासोळी,” मी म्हटलं.

ती वळली. मला बघितलं. मग सावकाश त्याच्या पाठीकडे बघितलं.

तो वळला नाही. पिशवीचा पट्टा हातात तसाच धरून उभा राहिला. “मासोळी,” तो म्हणाला. माझ्या आवाजात, माझ्याहून जरा निवांत. “दार लाव. वारं येतंय.”

मी असंच म्हणतो. रोज म्हणतो.

ती हलली नाही. तिची नजर माझ्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून माझ्यावर. मला काहीतरी बोलायचं होतं, फक्त आम्हा दोघांना माहीत असलेलं, पण जे जे सुचत होतं ते सगळं आम्ही कधी ना कधी घरातच बोललो होतो. मी नुसता चौकटीला धरून उभा राहिलो.

ती माझ्याकडे आली. माझा हात धरला, जोरात, पाण्यातून कोणाला ओढून काढताना धरतात तसा, आणि आम्ही खाली उतरलो. मागून पावलं आली नाहीत. दार लागल्याचा आवाज तेवढा आला. हळू, कोणाची झोपमोड होऊ नये तसा.

८

दादाच्या गाडीत बसल्यावर ती आपणहून सांगायला लागली.

“तो म्हणाला, उगाच घाबरलो आपण. रखवालदाराकडून किल्ली घेतलीय, रिकामं घर आहे, एकदा डोळ्यांनी बघून टाक म्हणजे रात्री झोप लागेल. अगदी तुझंच बोलणं. तू असंच समजावतोस.”

“मग तुला कळलं कसं?”

“तुला धाप लागली होती,” ती म्हणाली. “छाती भात्यासारखी चालली होती तुझी. मी दिवसभर माणसांचे श्वासच मोजते रे. तीन मजले माझ्याबरोबर तोही चढला होता. त्याला काहीच झालं नव्हतं.”

दादाने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला.

आता आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. घरात वाय-फाय नाही. मी रोज प्रयोगशाळेत जाऊन काम करतो, मासोळी दुसऱ्या तलावावर शिकवते. खिडकीसमोर मोकळं मैदान आहे, म्हणून हे घर घेतलं. संध्याकाळी मी जिना चढून येतो तेव्हा ती दारात उभी असते. मी समोर आलो की माझ्या छातीवर तळहात ठेवते. थोडा वेळ तसाच ठेवते, मग बाजूला होते आणि मला आत घेते. आम्ही त्यावर बोलत नाही. तिला त्याने बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही.

सामान आणायला मी आणि दादा भर दुपारी जुन्या घरी गेलो होतो. तो आत संगणक बांधत होता. मी कपाट रिकामं करत होतो, तिच्या आईचा स्वेटर पिशवीत घालत होतो. समोर बघायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो, पण पडदे उतरवायला खिडकीशी जावंच लागलं.

समोरचे पडदे पूर्ण उघडे होते. मागे टेबलाशी कोणीतरी बसलं होतं, मांडीवर निळी पिशवी घेऊन, भिंतीकडे तोंड करून. आणि तो खिडकीत उभा होता. उन्हाची तिरीप काचेवर होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, गळ्याखालचं दिसत होतं. त्याने एका हाताने खिडकीची चौकट धरली होती. खांदे वर जात होते, खाली येत होते. वर, खाली. फार सारखे, फार संथ. तो थांबला. काहीतरी चुकतंय असं वाटल्यासारखा मान कलती करून उभा राहिला.

मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी श्वास अडखळत होता, छाती भात्यासारखी चालत होती.